काठ

कैताननं कॅम्पातनं रेशमाचं एक फडकं आणलंय,
बंगल्याच्या लिलावात, पियानोच्या पोटात सापडलं म्हणतो.
"घडीवर फाटालंय बघ. जोडून देशील की ओ, सावंत्राक्का?
बेंगळूरचं गिऱ्हाईक आहे, फ्रेम करणार."

वीतभर रुंद, हातभर लांब.
रंग एकेकाळी पांढरा असेल,
आता चहात बुडवलेल्या पावासारखा.
चारी बाजूंना लाल झालर आणि मधे
मुंग्यांची वरात चालल्यासारखी इंग्रजी अक्षरं.

मी सातवी पास, तीही कन्नड शाळेत;
घरात मराठी, बाजारात दोन्ही,
इंग्रजी फक्त औषधाच्या बाटलीवर.
म्हणून भाच्याला बसवलं. "वाच रे बसू."
तो अडखळत वाचतो:
सन अठराशे अठ्ठ्याऐंशी, स्थळ बेळगाव,
खेळ हसायचा, गाण्यांचा,
पोस्टमास्तरच्या स्वयंवराचा असा काहीतरी अर्थ.
पोस्टमास्तर, कॅप्टन अमुक.
त्याची धाकटी मेहुणी, मिस तमुक.
दुधवाल्या पोरी, बारा.
बँड पलटणीचा, मध्यंतरात लिंबू सरबत,
घोडागाड्या रात्री अकराला सांगाव्यात.

"यात हसायचं काय आहे गं आत्ती?"
मला काय ठाऊक.
हसू रेशमावर छापता येत नसणार.

मी अक्षरं सोडते आणि कापड वाचते.
डावीकडं अंगठ्याएवढा डाग, घामाचा.
कुणीतरी गच्च धरून बसलं होतं,
बारा दुधवाल्यांतली एक त्याची असेल,
नाहीतर पंखा ओढणारा झोपला असेल.

झालर उसवली तेव्हा खालनं काठ निघाला.
भिंग लावलं. परत लावलं.
दोन धागे जोडीनं, मग एक सुटा, मग परत जोडी.
हा विलायती काठ नव्हे.
वडगावात असा धरतात. बापू असाच धरायचा,
का म्हणून विचारलं तर म्हणायचा, "हात तसा जातो."

मग मला खेळ दिसायला लागला, मागच्या बाजूनं.
बोटीवरचं रेशीम वेळेत आलंच नसेल,
कुणी बटलर टांगा करून शहापुरात पळत आला असेल,
आणि कुणी रुद्रप्पा, कुणी भिवा, ज्याचं नाव
या यादीत मेहुणीच्या खालीसुद्धा नाही,
त्यानं मागावरची अर्धी साडी कापून दिली असेल.
जिची साडी होती तिला काय सांगितलं असेल?

"आत्ती, हे बघ!" बसू एकदम ओरडला.
छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यानं,
त्यालाही इंग्रजी माझ्याएवढीच येत असणार,
एक 'एम' उलटा लावलाय.
"पोस्टवास्तर! पोस्टवास्तर!"
पोरगं पोट धरून लोळालं जमिनीवर.
मीही हसले. सुई बोटात गेली तरी हसले.
एवढ्या वर्षांनी का होईना, खेळ पडला नाही.

बाहेर चौकात पाटीवरनं आजही तंटा,
कुठली अक्षरं वर, कुठली खाली.
या फडक्यावर ना ही भाषा, ना ती.
दोघी आत, ताण्या-बाण्यात, गपगार
एकमेकींना धरून बसलेल्या.

चार रात्री लागल्या.
बापूच्या शेवटच्या मागावरचं उरलेलं रेशीम
डब्यात होतं, त्यातनं एकेक धागा काढला,
चहाच्या पाण्यात रंगवला,
श्वास धरून भरला.
'एम' होता तसाच ठेवला.
झालर परत टाचताना उजव्या कोपऱ्यात
अर्धा इंच मोकळा सोडला.
बघणाऱ्याला काठ दिसेल.
न बघणाऱ्याला तसंही काही दिसत नाही.

साडेचारशे सांगितले, कैताननं चारशे काढले.
फडकं उजेडात धरून म्हणाला,
"रेशीम विलायतीच की नाही गं अक्का?"
राहिलेले पन्नास ठेव, म्हटलं, मग सांगते.
तो हसला,
कागदात गुंडाळून घेऊन गेला.